वैद्य आणि प्रार्थना

औषध घेणे म्हणजे श्रद्धेत उणेपणा, असे आम्हां ख्रिस्ती जनांपैकी काहींना वाटते. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय मात्र रुग्णास प्रार्थना करावयास सांगून लगेच वैद्यालाही त्याचे स्थान देण्यास सांगतो. कारण वैद्य आणि वनौषधी ही परमेश्वराचीच निर्मिती. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.

तैलाभ्यंग केवळ मरणासन्नांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केले. तरीही आम्ही धर्मगुरूंना अखेरीस बोलावतो आणि डॉक्टरांना कधी कधी त्याहूनही उशिरा. स्वतःचे दुःख आम्ही ख्रिस्ताच्या क्रूसाशी जोडू शकतो. परंतु तापाने फणफणलेल्या लेकराच्या खांद्यावर आम्ही क्रूस का ठेवावा? आमच्या श्रद्धेची किंमत त्याने का मोजावी?