मौनाचा अर्थ

इशारा देणारा गप्प असला, तर त्याच्या मौनाचा अर्थ काय घ्यावा? संकट नाही म्हणून तो गप्प आहे, की तोच संकटात सापडला आहे? वेदगंगेच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीनजीक यमगर्णी येथे नदीचे पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली.

१२ ऑक्टोबर २०२३ रोजी कर्नाटकात मोबाइलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी झाली. तो कर्कश ध्वनी पुष्कळांच्या स्मरणात असेल. असे संदेश सर्व्हर नामक संगणकांकडून सुटतात. संगणकही केव्हा तरी बंद पडणारच. म्हणून विचारी योजक एकाच्या जोडीस दुसरा सज्ज ठेवतो. पहिला दर काही क्षणांनी ‘मी आहे’ अशी खूण दुसऱ्यास धाडतो. ठरावीक काळ ती खूण आली नाही, म्हणजे दुसऱ्याने काम हाती घ्यावयाचे. मौनास ‘सर्व कुशल’ समजण्याची मुभा त्यास नाही.

परंतु पहिला बंद पडलेला नसून केवळ दोहोंमधील तार तुटली असेल तर? मग दोघेही स्वतःस कर्ता समजतील आणि एकच संदेश दोनदा जाईल. बँकेच्या हिशेबात असे झाल्यास एकच रक्कम दोनदा वजा होईल. तेथे संशय असता थांबणे हाच विवेक. पुराचा इशारा दोनदा ऐकल्याने मात्र फार तर झोपमोड होते; न ऐकल्याने प्राण जातात. शिवाय संदेशास क्रमांक दिलेला असला, की मोबाइल त्याची दुसरी प्रत ओळखून गाळू शकतो. म्हणून येथे संशय असता पुढे होणे हेच कर्तव्य ठरते. कोणती चूक अधिक घातक, हे संकटापूर्वीच ठरवून ठेवावे लागते.

आमच्या घरी सुतक आले, की पूजेची पाळी दुसऱ्या घराकडे जाते. ते घर त्या कामास सरावलेले असते, म्हणूनच खंड पडत नाही. संगणकाचेही तसेच आहे. पहिला अधूनमधून मुद्दाम बंद करून दुसऱ्याची परीक्षा घ्यावी. दोघांस वीज एकाच तारेने मिळत असेल, तर ते दोन नव्हेत, एकच होत. वर्षभर उपयोगी न पडलेला दुसरा म्हणजे व्यर्थ खर्च, असे कोणी म्हणेल. पण ज्या रात्री तो लागतो, त्या रात्री तो विकत आणता येत नाही.

आणि आपणही पावसाळ्यात मोबाइल वाजला नाही म्हणून निश्चिंत निजू नये. उठून एकदा नदीकडे पाहावे.