मुसाफिराला सवलत कशाची?

सफर हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. अरबीत याच धातूला 'उघड करणे' असाही अर्थ आहे. सफर माणसाचा स्वभाव उघडा पाडते म्हणून ती सफर, असे जुने आलिम सांगत. स्वतःच्या मोहल्ल्यात सगळेच सभ्य असतात. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे आपण कसे वागतो, यावर आपली खरी किंमत ठरते.

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या घरांतली सफर बदलली आहे. पूर्वी हज, उरूस आणि गावाकडचे लग्न एवढ्यावर प्रवास संपत असे. आता चेंबूर-कुर्ल्याची मुले-मुली पाठीवर पिशव्या टाकून सह्याद्रीत जातात, सुट्टीत अंदमान गाठतात, पाण्याखाली उतरतात, जंगल तुडवतात. यात हळहळण्यासारखे काही नाही. पृथ्वीवर फिरा, पाहा आणि बोध घ्या, असे तर कुराणच वारंवार सांगते. प्रश्न वेगळा आहे. माझ्या अंगात हिंमत आहे, खिशात पैसे आहेत, एवढ्यावर मला कुठेही पाऊल टाकण्याचा हक्क मिळतो का?

डोंगर चढणाऱ्या मुसाफिरांत इब्न बतूताचे नाव मोठे आहे. मालदीव बेटांवर काझी म्हणून काम केल्यावर 1344 मध्ये तो सिलोनला उतरला. तिथल्या 2,243 मीटर उंचीच्या शिखरावर एक पाऊल उमटलेले आहे. मुसलमान ते हजरत आदमचे मानतात, बौद्ध बुद्धाचे, हिंदू शंकराचे. बतूताने आधी तिथल्या बिगरमुस्लिम राजाची भेट घेतली आणि आपली इच्छा सांगितली. राजाने पालखी दिली, सोबत माणसे दिली. त्यांत योगी होते, ब्राह्मणही होते. कड्याला ठोकलेल्या लोखंडी साखळ्या धरून तो वर गेला. त्याचे धाडस कमी नव्हते, पण ते इजाजत घेऊन केलेले धाडस होते. परक्याचा डोंगर त्याने परक्याच्या सोबतीने पाहिला.

याच्या उलट उदाहरण अंदमानातले आहे. उत्तर सेंटिनल बेटावरचे लोक बाहेरच्या कोणालाही येऊ देत नाहीत. कायद्यानेही बेटाभोवती पाच सागरी मैलांच्या आत जायला बंदी आहे. तरी 2018 च्या नोव्हेंबरमध्ये एक अमेरिकी तरुण धर्मप्रसारासाठी मच्छीमारांना पैसे देऊन तिथे पोचला आणि मारला गेला. 2025 मध्ये आणखी एक अमेरिकी पर्यटक किनाऱ्यावर उतरला, नारळ आणि शीतपेयाचा डबा ठेवून परतला, आणि पकडला गेला. पहिल्याला आत्मे वाचवायचे होते, दुसऱ्याला थरार हवा होता. दोघांनीही 'नाही' हा शब्द ऐकूनही ऐकला नाही. त्या लोकांना आपल्या साध्या सर्दी-गोवराचीही प्रतिकारशक्ती नसण्याचा धोका आहे. ग्रेट अंदमानी जमाती एके काळी हजारोंनी होत्या; आज त्यांची संख्या पन्नासेकांच्या आसपास उरली आहे. त्यांना संपवण्यात बाहेरून आलेल्या रोगांचा वाटा फार मोठा होता.

आपल्यासाठी तर अंदमान म्हणजे केवळ सहलीचे ठिकाण नव्हे. 1858 पासून तिथे बंडातले कैदी नेले गेले. अल्लामा फज्ले हक खैराबादी 1861 मध्ये तिथेच वारले; त्यांची कबर तिथे आहे. इंग्रजाने ना कैद्याला विचारले, ना बेटावरच्या रहिवाशाला. दोघांवर अन्याय करणारा हात एकच होता. त्या कैद्यांची आठवण आपण अभिमानाने काढतो, तेव्हा त्या रहिवाशांची आठवणही आपल्याला काढावी लागते.

यावर कोणी विचारील, मग प्रत्येक 'नाही' पवित्र मानायचा का? चेंबूरच्या माणसाला हा प्रश्न लांबचा नाही. चेंबूर हे मुळात तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे, बेटाच्या वायव्य कोपऱ्यातले गाव. खाडी बुजवल्यावर ते मुंबईला जोडले गेले. ट्रॉम्बेचा डोंगर इथून रोज दिसतो, पण अणुकेंद्रामुळे तो सामान्य माणसाला बंद आहे. याच केंद्राच्या शेजारची जनता कॉलनी 1976 मध्ये, आणीबाणीत, पाडली गेली आणि हजारो कुटुंबे चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन बसवली गेली. इथेही एक 'नाही' होता, रहिवाशांचा. तो कोणी मानला नाही. डोंगराच्या कुंपणावरचा 'नाही' मात्र सगळ्यांनी मानला.

म्हणून दोन नकारांत फरक करायला हवा. एक नकार ताकदवानाचा. त्याच्यामागे बंदूक आणि शिक्का असतो. त्यामागे सुरक्षिततेचे रास्त कारणही असू शकते, पण त्याला जाब विचारता येतो, विचारलाच पाहिजे. दुसरा नकार अशाचा, ज्याला आपल्या येण्याची किंमत मोजावी लागते आणि ज्याच्याकडे नकाराशिवाय दुसरे हत्यार नाही. हा दुसरा नकार मोडणे हे धाडस नव्हे, अतिक्रमण आहे.

आणि जिथे नकार नाही, तिथे तरी आपण मोकळे आहोत का? ट्रॉम्बेच्या समोर खाडीत घारापुरी आहे. वर्षानुवर्षे पर्यटकांच्या बोटी तिथे जातात, लेणी पाहतात, तोफांच्या टेकडीवर चढतात, संध्याकाळी परततात. तिथल्या तीन वाड्यांना समुद्राखालच्या केबलमधून वीज मिळाली ती 2018 मध्ये. तोवर आपण दिवसाचे फोटो घेऊन आलो. रात्री ती माणसे कशी राहतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले?

आपल्या धर्माने मुसाफिराला सवलती दिल्या आहेत. त्याची नमाज कसर होते, त्याचा रोजा पुढे ढकलता येतो. अल्लाहने आपल्या हक्कात ही सूट दिली. पण हुकूक-उल-इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, यांत प्रवासातही सूट नाही. वाटेत लागणाऱ्या माणसाचे पाणी, त्याची झोप, त्याची अब्रू आणि त्याचा नकार घरी जेवढे मानायचे तेवढेच बेटावर मानायचे. कोणाच्या घरात शिरण्याआधी इजाजत मागा आणि परत जा म्हटले तर परत फिरा, ही शिकवण विटांच्या घरापुरती नाही. ज्याच्याभोवती समुद्र हीच भिंत आहे, त्याचे घरही घरच असते.

तरुणांनी जरूर फिरावे. शिखर गाठणाऱ्याचे कौतुक व्हावे. आणि समोरून नकार आला म्हणून जो किनाऱ्यावरूनच होडी मागे वळवतो, त्याचीही सफर पुरी झाली, असे आपण मानायला शिकावे.