राखण आणि पाळत

मुलं ऑनलाइन सुरक्षित राहावीत म्हणून सगळ्यांच्याच खासगीपणावर पाणी सोडावं का, हा प्रश्न हल्ली कायद्याच्या भाषेत विचारला जातो. मुळात तो नीतीचा प्रश्न आहे. ज्याचं रक्षण करायचं त्याला आपण काय मानतो, यावर त्याचं उत्तर ठरतं. मूल म्हणजे आईबापांनी किंवा सरकारने सांभाळायची ठेव असेल, तर त्याच्यावर अष्टौप्रहर नजर ठेवणं हेच कर्तव्य होतं. मूल हा वाढता पण स्वतंत्र माणूस असेल, तर त्याचं मन, त्याचे प्रश्न, त्याची भीती यांना आडोसा देणं हाही रक्षणाचाच भाग होतो. मला ही दुसरी भूमिका पटते आणि आपल्या कायद्यातला शहाणपणाचा भागही तिलाच धरून आहे.

बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२चा पोक्सो कायदा पाहावा. अत्याचार करणाऱ्याला तो कठोर शिक्षा देतोच, शिवाय पीडित मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, शेजार असं ओळख पटवणारं काहीही माध्यमांत येऊ देत नाही. खटलाही बंद दालनात चालतो. म्हणजे इथे खासगीपणा हेच मुलाचं कवच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं ते माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडूनच. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय प्रमाणात हवा. त्याच न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं आणि चित्रफिती पाहण्या-साठवण्याबाबत कडक भूमिका घेतली. गुन्ह्याशी कठोर राहणं आणि खासगीपणा जपणं या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे यातून दिसतं.

अडचण येते ती सगळ्यांची ओळख तपासण्याच्या उपायात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. हे योग्यच झालं. पण त्याच कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घ्यावी लागणार आहे. नोव्हेंबर २०२५च्या नियमांनी त्यासाठी डिजिलॉकरसारखे मार्ग सुचवले आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीसारख्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो? मुकादमाची उचल घेतलेलं ऊसतोड जोडपं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन दूरच्या कारखान्याच्या फडावर जातं आणि मुलं आजी-आजोबांकडे राहतात. घरात मोबाइल एकच. तो चालवता येतो नातवाला आणि ओटीपीही त्याच मोबाइलवर येतो. अशा घरात संमती कागदोपत्री पुरी होते, रक्षण मात्र होत नाही. शिवाय मूल कोण हे ओळखायचं तर मोठ्यांनाही आपलं वय सिद्ध करावं लागतं. त्यातून ओळखपत्रांचे साठे तयार होतात आणि ते फुटतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या संवादमंचाच्या सुमारे सत्तर हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रं अशीच उघड झाली.

यावर म्हटलं जाईल, की मुलांना खासगीपणा कशाला, आईबापांपासून लपवायचं ते काय? बहुतेक घरांत आईबापच मुलाचा पहिला आधार असतात, हे खरं आहे. पण पोक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. मराठवाड्यात सोळाव्या वर्षी लग्न ठरलेल्या मुलीला १०९८ या बालमदत क्रमांकावर मदत मागायची असते ती घरच्यांच्याच विरोधात. तिचा प्रत्येक शोध, प्रत्येक संदेश घरच्यांना दिसू लागला, तर सुटकेचा तेवढाच दरवाजा बंद होईल. आणि सगळं डोळ्यांसमोर असलं म्हणजे रक्षण होतंच असंही नाही. धाराशिव जिल्ह्यातल्याच तेरच्या संत गोरोबाकाकांची, म्हणजे गोरा कुंभारांची, कथा सर्वांना ठाऊक आहे. भजनात देहभान हरपून चिखल तुडवताना त्यांचं रांगतं मूल त्यांच्याच पायाखाली आलं. परंपरा ही कथा भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगते आणि अखेर विठ्ठलकृपेने मूल परत मिळतं. पण संकट आलं त्या क्षणी बाप तिथेच होता आणि काहीही झाकलेलं नव्हतं. कमी पडलं ते भान. कितीही कॅमेरे बसवले तरी जवळच्या माणसाच्या भानाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

सर्वांत जड आक्षेप निराळा आहे. कूटबद्ध संदेशांच्या आड गुन्हेगार लपतात. एक मूल वाचत असेल तर सगळ्यांचे संदेश तपासायला काय हरकत आहे? हा आक्षेप वेदनेतून येतो, त्याची बोळवण करता येणार नाही. सरसकट तपासणी नाकारली तर काही गुन्हेगार उशिरा सापडतील आणि काही सापडणारही नाहीत, ही किंमत मान्य करायला हवी. तपासणीचीही किंमत असते. अमेरिकेत एका बापाने आजारी बाळाचा फोटो डॉक्टरांसाठी काढला. गुगलच्या यंत्रणेने तो शोषणाचा ठरवला. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं, तरी त्याचं खातं परत मिळालं नाही. हे २०२२ मध्ये जगासमोर आलं. आयफोनमधले फोटो तपासण्याची २०२१ मध्ये जाहीर केलेली योजना ॲपलनेही पुढच्या वर्षी सोडून दिली. आज मुलांसाठी उघडलेली वाट उद्या पत्रकारासाठी, आंदोलकासाठी, नावडत्या शेजाऱ्यासाठी वापरली जाणार नाही, याची हमी कोणतंही सरकार देऊ शकत नाही. आणि आजची मुलंच उद्याचे नागरिक आहेत. पाळतीखाली जगायची सवय आपण त्यांनाच लावणार आहोत.

म्हणून कायद्याचा जोर दुसरीकडे हवा. संशयिताचा तपास न्यायालयाच्या आदेशाने आणि पूर्ण ताकदीने व्हावा. अनोळखी प्रौढाला मुलाशी थेट संदेशातून बोलता येणार नाही अशी रचना कंपन्यांनी मुळातच करावी आणि न केल्यास मोठा दंड भरावा. गावची बाल संरक्षण समिती कागदावरून गावात यावी. शाळेत असा एक तरी शिक्षक असावा, ज्याच्यापाशी मूल न घाबरता बोलू शकेल. मूल बोलतं ते विश्वासाच्या माणसाशी. जे रक्षण हा विश्वासच मोडतं, ते मुलाला आणखी एकटं पाडतं. त्याला रक्षण म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.