हजेरीपट हेच तिकीट

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकमधल्या एका शाळेत मी सहावीला मराठी शिकवत होते. मुलांना बालनाट्य दाखवायचं शाळेने ठरवलं. महाकवी कालिदास कलामंदिरात सकाळी अकराचा प्रयोग होता. तिकीट आणि गाडीखर्च मिळून एक रक्कम ठरली, ती आठ दिवसांत वर्गशिक्षकांकडे द्यायची होती. सहाव्या दिवशी माझ्या यादीत पैसे न आलेली मोजकी नावं उरली. त्यातल्या एका मुलीला मी रोज विचारायचे आणि ती रोज म्हणायची, ‘उद्या आणते, बाई.’ शेवटच्या दिवशी तिने उत्तर बदललं. ‘मला नाटक नाही आवडत, बाई.’ मी तिच्या नावापुढे फुली मारली आणि यादी ऑफिसात नेऊन दिली.

नाटकाच्या दिवशी सगळ्या तुकड्यांतली राहिलेली मुलं एका वर्गात बसवून त्यांना चित्रं काढायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी निबंधाचा विषय दिला, ‘मी पाहिलेले नाटक’. जे गेले नव्हते त्यांनी दुसऱ्या विषयावर लिहावं, एवढं सांगायचंही मला सुचलं नाही. तिने निबंध लिहिला. शेजारणीकडून गोष्ट ऐकून घेतली असणार, कारण राजपुत्र, चेटकीण, जंगल, सगळं जागच्या जागी होतं. एका वाक्यापाशी मात्र मी थांबले. तिने लिहिलं होतं, चेटकिणीचा चेहरा एकदम जवळ आला आणि तिच्या डोळ्यांतल्या लाल रेषा दिसल्या.

आमची मुलं बाराव्या रांगेच्या मागे बसली होती. तिथून डोळ्यांतल्या रेषा दिसत नाहीत. त्या टीव्हीवर दिसतात. नाटक म्हणजे काय हे त्या मुलीला माहीतच नव्हतं. जे तिने कधी पाहिलं नव्हतं ते आवडत नसल्याचं तिला सांगावं लागलं होतं, आणि वर ते पाहिल्याचा निबंधही लिहावा लागला होता. मी तिला दहापैकी सात गुण दिले आणि खाली शेरा मारला, ‘कल्पनाशक्ती चांगली’. तो शेरा मला अजून टोचतो.

तिच्या घरात पैसे नव्हते, यात कुणाचा गुन्हा नव्हता. गुन्हा माझ्या यादीत होता. शाळेच्या वेळेत, शाळेच्या गणवेशात आणि शाळेच्या शिक्षकांसोबत जी गोष्ट घडते, ती शिक्षणच असते. गणिताच्या तासाला आपण कुणाला पैशांवाचून बाहेर बसवत नाही. मग नाटकाच्या तासाला का बसवतो? मनातून आपण नाटकाला चैन समजतो, म्हणून. चैन परवडेल त्याने करावी, हा हिशेब आपल्याला सहज पटतो.

चैन नसेल, तर नाटक मुलाला देतं तरी काय? त्या मुलीच्या चुकलेल्या वाक्यातच याचं उत्तर आहे. पडद्यावर चेहरा जवळ आणून दाखवणारा दुसरा कुणीतरी असतो. कुठे पाहायचं, किती वेळ पाहायचं, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. रंगमंचावर एकाच वेळी पाच माणसं असतात. त्यांतल्या कुणाकडे पाहायचं हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं. बोलणाऱ्याकडे पाहावं, की कोपऱ्यात गप्प उभ्या असलेल्या म्हातारीकडे? निवड त्याची आणि जबाबदारीही त्याची. शिवाय नाटकात मुलाचा आवाज पलीकडे पोहोचतो. नायकाच्या पाठीमागून राक्षस येतो, शेकडो मुलं एका सुरात ‘मागे बघ, मागे बघ’ म्हणून ओरडतात आणि नट क्षणभर थबकतो. आपल्या ओरडण्याने समोरचं जग थांबू शकतं, हा अनुभव मुलांना दुसरीकडे फारसा मिळत नाही. घरात, वर्गात, रस्त्यावर त्यांना गप्प बसायलाच सांगितलेलं असतं.

हे ओळखलेली मोठी माणसं मराठीत होऊन गेली. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचा अभ्यास केला आणि १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने ‘लिटल थिएटर’ उभं केलं. त्याची सुरुवात रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने झाली. मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातली हौस, या समजुतीला तिथे धक्का बसला. मुलांसाठी मोठ्या नटांनी, पूर्ण तालमी करून, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेत काटकसर न करता नाटक करायचं, हा तो आग्रह होता. मतकरींनी प्रतिभा मतकरी यांच्या साथीने ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नाटकं मराठी घरांत पोहोचली. पुण्यात १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची वाट मराठीत आली. तिथे मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि राजा-राणीऐवजी मुलांच्या रोजच्या जगण्यातले प्रश्न रंगमंचावर येतात. या सगळ्यांच्या कामामागे एकच नैतिक भूमिका होती. मूल हे अर्धं माणूस नाही, म्हणून त्याला अर्धं नाटक देता येत नाही.

मात्र ही नाटकं कुणी पाहिली? बालनाट्यांचे प्रयोग लागतात ते बहुतेक उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. त्या प्रयोगाला मूल जातं, कारण आई किंवा बाबा जाहिरात वाचतात, तिकीट काढतात आणि अर्धा दिवस मोकळा ठेवतात. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही, ज्या घरातली आई सुट्टीच्या दिवशीही चार घरची कामं करते, त्या घरातल्या मुलापर्यंत हे नाटक पोहोचण्याची एकच वाट उरते, ती म्हणजे शाळा. सुट्टीतल्या प्रयोगाचा प्रेक्षक पालक निवडतात. शाळेच्या प्रयोगाचा प्रेक्षक हजेरीपटाने निवडला जातो. हजेरीपटावर डॉक्टरांचा मुलगा आणि हमालाची मुलगी एकाखाली एक असतात. शाळेच्या सकाळच्या प्रयोगाचं सारं मोल या एका गोष्टीत आहे. तिथेही आपण पैशांची यादी केली, तर ही शेवटची वाटही आपणच बंद करतो.

मतकरींना हे अखेरपर्यंत सलत असावं असं मला वाटतं. उतारवयात त्यांनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा करायला हात दिला. झोपडवस्त्यांतली मुलं तिथे स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी स्वतःच नाटकात मांडू लागली. चेटकिणीची आणि राक्षसाची गोष्ट घरोघर नेणाऱ्या लेखकाला, ती ज्यांच्या घरी गेली नाही त्यांच्याकडे आपण होऊन जावंसं वाटलं. आपल्यालाही तेवढं वाटायला हवं.

नाशिकला तर हे जास्त जाणवायला हवं. हे कुसुमाग्रजांचं आणि वसंत कानेटकरांचं गाव. ‘नटसम्राट’ लिहिणारा लेखक आपल्या गल्ल्यांतून चालायचा, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण याच गावाचा आणखी एक वारसा आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिककरांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. विशीतले शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, त्या सत्याग्रहात सामील झाले होते. शाळेच्या सहलीच्या पैशांची तुलना मला त्या लढ्याशी करायची नाही. तशी केली तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या अपमानाला आपण हलकं करू. मी फक्त एवढंच म्हणते, की जे सर्वांचं आहे त्याच्या दारात कुणाला थांबवायचं आणि का, हा प्रश्न या शहराने एकदा स्वतःच्या अंगावर झेलला आहे. त्यानंतर तरी कुठल्याही दारापाशी उभं राहताना, बाहेर कोण राहिलं हे मागे वळून पाहायची सवय आपल्याला हवी होती.

आपली नाट्यगृहं सर्वांचीच आहेत. परशुराम साईखेडकर नाट्यगृह सार्वजनिक वाचनालयाचं आहे, आणि हे वाचनालय १८४० सालचं, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं आहे. कालिदास कलामंदिर महापालिकेचं आहे. महापालिकेच्या शाळाही महापालिकेच्याच. २०२१ साली रस्त्यावर आलेली सिटीलिंक बससुद्धा तिचीच. नाट्यगृह, बस आणि शाळा या तिन्ही गोष्टी एकाच मालकाच्या असताना महापालिका शाळेतलं मूल नाटकाला जाऊ शकत नसेल, तर अडचण पैशांची म्हणता येणार नाही. व्यावसायिक नाटकांच्या तारखा मुख्यतः शनिवार-रविवारच्या असतात. आठवड्यातल्या काही सकाळी शाळांच्या प्रयोगांसाठी विनाभाडं राखून ठेवणं अवघड नाही. खेड्यांतल्या शाळांना शैक्षणिक सहलीसाठी एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते, तिचा रोख बहुधा किल्ल्यांकडे, देवस्थानांकडे आणि हल्ली पाण्याच्या खेळांच्या उद्यानांकडे असतो. वर्षातली एक सहल नाट्यगृहाकडे वळवता येईल. मुलांच्या हक्कांच्या १९८९च्या आंतरराष्ट्रीय करारातलं ३१वं कलम सांस्कृतिक जीवनात आणि कलांत सहभागी होण्याचा मुलाचा हक्क मान्य करतं, आणि १९९२ साली भारताने तो करार स्वीकारला आहे. जे हक्क म्हणून स्वीकारलं, त्याला शाळेच्या नोटीशीत ‘ऐच्छिक उपक्रम’ म्हणणं बरोबर नाही.

हे सगळं लिहिताना एका गैरसमजाची मला भीती वाटते. पैसे नसलेल्या मुलांकडे संस्कृती नाही आणि ती शहराने त्यांना द्यायची आहे, असा अर्थ कुणी काढू नये. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ आणि सुरगाण्याच्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. गावातलीच माणसं देवदेवतांचे आणि दैत्यांचे मुखवटे चढवतात, संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत पुढे येतं आणि हा खेळ रात्रभर चालतो. आईच्या मांडीवरचं पोर अर्धवट झोपेत नरसिंह पाहतं आणि दचकून जागं होतं. कुणी तिकीट काढत नाही, कुणाच्या नावापुढे फुली नसते. अख्खं गाव येतं, कारण तो गावाचा खेळ आहे. जिवंत प्रयोग म्हणजे काय, हे त्या पोराला शहरातल्या माझ्या विद्यार्थ्यांहून जास्त ठाऊक असतं. म्हणून नाट्यगृहाचं दार उघडताना आपण काही उपकार करत नाही. बोहाड्याला जी गोष्ट सहज जमते ती आपण अजून शिकतो आहोत, एवढं भान ठेवलं तरी पुरे. आणि आश्रमशाळेतलं मूल शहरात येऊ शकत नसेल, तर नाटक मंडळींनी तिकडे जावं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, विचारायला लांब जावं लागणार नाही.

मुलांना नाट्यगृहापर्यंत नेलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. शाळेचा प्रयोग हे नाटकवाल्यांसाठी परीक्षेचं ठिकाण आहे, कारण हा प्रेक्षक तक्रार करू शकत नाही. दोन दृश्यं गाळली, जुने कपडे चढवले, आधीच मुद्रित केलेल्या आवाजावर ओठ हलवले आणि मधेच सिनेमाचं गाणं घातलं, तरी मुलं टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांवर हक्क सांगायचा की नाही, हे नटाने विंगेत एकटं असताना ठरवायचं असतं. शनिवारी रात्री चोखंदळ प्रेक्षकांसमोर जेवढा जीव ओतला, तेवढाच मंगळवारी सकाळी महापालिकेच्या शाळेसमोर ओतणं, यातच कलावंताची सचोटी कळते. आणि आम्हा शिक्षकांसाठी एवढंच, की मुलांना हसताना, ओरडताना गप्प करू नये, स्वतः मोबाइल बंद ठेवावा आणि परतल्यावर लगेच निबंध घालू नये. तो धडा मी मोठी किंमत देऊन शिकले, आणि ती किंमतही माझी नव्हती.

ज्यांना मदत करावीशी वाटते त्यांनी जरूर करावी. पण पैसे शाळेच्या नावाने द्यावेत, मुलाच्या नावाने देऊ नयेत. प्रायोजित मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नये. नाटक पाहताना मुलाने फक्त नाटक पाहावं. आपल्या शेजारच्या खुर्चीपेक्षा आपली खुर्ची वेगळी आहे, हे त्याच्या मनात येता कामा नये.

मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि शालेय व्यवस्थापन समितीतले सदस्य, तुम्हा सर्वांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी नाटकाला जाणाऱ्यांची यादी करायला बसाल, तेव्हा पैशांची वही बाजूला ठेवा आणि हजेरीपट उघडा. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी मुलं जाणार असतील तरच प्रयोग ठरवा. खर्च कसा भागवायचा ते मोठ्यांनी मोठ्यांत बसून ठरवावं. तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृहातले दिवे जातात, आणि कुणाचे पैसे आले होते, कुणाचे नव्हते, हे त्या अंधारात दिसत नाही. दिवे जाण्याआधीही ते दिसता कामा नये.