कुणाच्या चुका सोसायच्या?

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की कसारा लोकलच्या डब्यातला प्रत्येक कबड्डीवेडा मनातल्या मनात संघमालक होतो. खडवली येईपर्यंत पाच कोटींची खरेदी उरकलेली असते. हा चढाईपटू घ्या, तो डावा कोपरा सोडा, त्या इराण्याला काहीही करून आणा. सगळं झाल्यावर दहा-बारा लाख उरतात, आणि कुणीतरी म्हणतं, त्यात एखादं पोरगं घेऊन टाकू. मला या सगळ्यात हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. पोरगं नेहमी उरलेल्या पैशात येतं आणि संघाची पुढची चार वर्षं पुष्कळदा त्याच्याच पायांवर उभी राहतात.

ज्याच्या खिशात मध्य रेल्वेचा पास, त्याचा संघ यू मुम्बा, असा इकडचा अलिखित नियम. माझं मन मात्र आठव्या हंगामात पुणेरी पलटणकडे वळलं. त्याबद्दल टोमणे खातो, पण कारण सांगण्यासारखं आहे. 2021च्या डिसेंबरात बंगळुरूला सुरू झालेल्या त्या हंगामात पुण्याकडे नितीन तोमर होता, राहुल चौधरी होता. पोस्टरवर शोभणारी नावं. प्रत्यक्षात हंगाम पुढे सरकला तसा चढाईचा भार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत या दोन कोवळ्या पोरांवर आला. प्रशिक्षक होता अनुपकुमार. डोकं थंड ठेवून खेळणारा कर्णधार म्हणून ज्याचं नाव झालं, त्यानं वलयांकित खेळाडूंऐवजी पोरांना पाठवत राहणं हे मला त्या मोसमातलं सगळ्यात धाडसी पाऊल वाटलं. संघ कसाबसा बाद फेरीत पोहोचला आणि पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून हरून घरी आला.

तरुण संघाचा चाहता व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. ‘भविष्य घडवू या’ म्हणायला काही पैसे पडत नाहीत. पण दोन रिकाम्या चढायांनंतर पोरगं तिसऱ्या चढाईला जातं, गुण आणणं भाग असतं, आणि ते नको तिथे बोनसला पाय टाकून घोट्यात सापडतं. पुढच्या वेळी ते घाबरून मध्यरेषेजवळच घुटमळतं. लगेच बाकावरून, घरातून, मोबाइलवरून एकच आवाज उठतो: बसवा त्याला. चाहत्याची दीर्घकालीन योजना टिकते की नाही, ते त्या अर्ध्या मिनिटात ठरतं. कुणाला विकत घ्यायचं हा सोपा प्रश्न. कुणाच्या चुका किती वर्षं सोसायच्या, हा अवघड.

आमच्याकडच्या गावसंघांना हा अवघड प्रश्न पडतच नाही. किशोर गटात पाहिलेलं पोर पुढे कुमार गटात, मग खुल्या गटात त्याच मंडळाच्या नावाखाली खेळतं. प्रकाशझोतातल्या सामन्यात त्यानं हातचा सामना घालवला, तरी पुढच्या आठवड्यात तोच मैदानात. दुसरा आणणार कुठून? गावच्या प्रेक्षकात धीर जास्त असतो असं मुळीच नाही. शिव्या तर तिथे चांगल्या सणसणीत मिळतात. पण पर्याय नसल्यामुळे पोराला वेळ मिळतो. व्यावसायिक संघाच्या चाहत्याला पर्याय समोर दिसत असतो, तोही रुपयांत मोजलेला, म्हणून त्याचा धीर सुटतो.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी या धीराची सोय नियमांतच केली आहे. एनबीएत तळाला राहिलेल्या संघांना नवे खेळाडू निवडताना वरचा क्रमांक मिळण्याची संधी जास्त असते, आणि पहिल्या फेरीत निवडलेला पोरगा साधारण चार वर्षं हाताशी राहू शकतो. ओक्लाहोमा सिटी थंडरनं 2019मध्ये आपला तारा पॉल जॉर्ज देऊन शे गिलजस-अलेक्झांडर हा तरुण घेतला, शिवाय पुढच्या कित्येक वर्षांचे निवडीचे हक्क पदरात पाडून घेतले. मग हार सुरू झाली. 2020-21मध्ये 72पैकी 22 सामने जिंकले. पुढच्या डिसेंबरात मेम्फिसकडून 152-79, म्हणजे तब्बल 73 गुणांनी हरले. एनबीएच्या इतिहासात एवढ्या फरकानं कुणी हरलं नव्हतं. त्यानंतरच्या मोसमांत जिंकलेले सामने 40, 57, 68 असे चढत गेले आणि 2025च्या जूनमध्ये ते विजेते झाले. आज हे आकडे सुंदर दिसतात. पण 73 गुणांनी हरलेल्या त्या रात्री ज्यानं तिकिटाचे पैसे मोजले होते, त्याला हा आलेख कुणी दाखवला नव्हता.

कबड्डीत शेवटच्या क्रमांकाचं बक्षीस काही नाही. हरलात तर नुसतेच हरलात. आणि पोरगं घडलं, तर लिलाव आहेच. यू मुम्बानं 2018मध्ये चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई उतरवला. पहिल्याच हंगामात त्यानं चढाईत 218 गुण घेतले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याला 1 कोटी 45 लाखांना नेलं. मुंबईकरांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्या एका वर्षापुरत्या. अशा व्यवस्थेत तीन वर्षांची योजना आखणं म्हणजे भाड्याच्या घरात आंब्याचं कलम लावणं.

म्हणूनच पुण्यानं पुढे जे केलं त्याचं मला कौतुक आहे. नववा हंगाम: फझल अत्राचलीला 1 कोटी 38 लाख देऊन आणलं, पण अस्लम, मोहित, पंकज मोहिते, अभिनेश नादराजन, संकेत सावंत ही घडी मोडली नाही. वरळीला अंतिम सामन्यात जयपूरकडून 33-29 असे हरले. दहावा हंगाम: प्रशिक्षक बी. सी. रमेश, बचावात 2 कोटी 35 लाखांचा मोहम्मदरेझा शादलू, आणि कर्णधार अस्लम, जेमतेम चोविशीतला. 22पैकी 17 सामने जिंकून संघ गुणतक्त्यात पहिला, आणि 1 मार्च 2024ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर 28-25 असा विजय. महागडे खेळाडू आले आणि गेले; संघाचा कणा मात्र तीन वर्षं तोच होता. मागची फळी तयार राहावी म्हणून ‘युवा पलटण’ही उभी केली. हे सगळं धोरण होतं की थोडा योगायोग, यावर वाद घालता येईल. लिलावाच्या दिवशी धोरण आणि नशीब यांत फार अंतर नसतं.

विजेतेपदानंतरचं वर्ष तर पाहायलाच हवं. शादलूला हरियाणानं 2 कोटी 7 लाखांना उचललं आणि अकरावा हंगाम त्यांनीच जिंकला, तोही बालेवाडीत, पुण्याच्या अंगणात. अस्लमचा गुडघा दुखावला, पलटण आठव्या क्रमांकावर घसरली. ज्यांनी मार्चमध्ये गुलाल उधळला होता, ते डिसेंबरात ‘हा संघ संपला’ म्हणत होते. तरुण संघाची वाट सरळ वर जात नाही हे ठाऊक असूनही आपण आलेख सरळ रेषेतच काढतो. त्या डिसेंबरात मीही फारसा वेगळा नव्हतो, एवढंच की बोललो कमी.

बाराव्या हंगामात अजय ठाकूर प्रशिक्षक झाला आणि संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला. 31 ऑक्टोबर 2025, दिल्ली. समोर दबंग दिल्ली, आणि त्यांच्या बचावात आता फझल. आधी मुंबईचा, मग पुण्याचा, अनुभवानं मुरलेला. पुण्याकडून झुंजला तो आदित्य शिंदे हा नवा चढाईपटू. दहा गुण एकट्याचे. शेवटच्या क्षणांत तोच चढाईला गेला, फझलनं त्याची पकड केली आणि सामना 31-28 असा दिल्लीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी गाडीत आदित्यची ती चढाई चर्चेत होती, आधीचे दहा गुण नव्हते. कुणी म्हणालं, तिथे अनुभवी गडी हवा होता. खरं आहे. पण अनुभवी गडी म्हणजे तरी कोण? फझलनंही कधीतरी कुणालातरी हातातून सोडलं असेलच. माझ्या पुढच्या तीन वर्षांच्या योजनेत म्हणून एकच कलम आहे: आदित्य संघात राहिला, तर निदान दोन हंगाम त्याला ‘बसवा’ म्हणायचं नाही. जमेल का, ते त्याच्या पहिल्याच फसलेल्या तिसऱ्या चढाईला कळेल.