द्रौपदीचे हात


आजचं चिंतन : महाभारत, विराटपर्व

अज्ञातवासाचं वर्ष आपण गंमत म्हणून ऐकतो. भीम आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवायला लागला, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे. पण याच पर्वात एक रात्र आहे. कीचकाने छळल्यावर सैरंध्री झालेली द्रौपदी भीमाकडे जाते. ती फक्त कीचकाबद्दल बोलत नाही. पाचही पांडव कोण होते आणि आज काय करतायत, एकेकाचं सांगत रडते. शेवटी राजासाठी चंदन उगाळून खरखरीत झालेले आपले हात पुढे करते.

कांजूरमार्गच्या टॉवर्समध्ये गेटवर उभी असलेली कितीतरी मुलं शिकलेली आहेत. आमच्याकडचा नाइट ड्युटीवाला हिंगोलीचा, बी.एस्सी. अ‍ॅग्री. एकदा म्हणाला, "सर, घरी सांगितलंय ऑफिसात आहे. म्हणून व्हिडिओ कॉल घेत नाही." परदेशी जाऊन गोदामात खोकी उचलणारे आपले इंजिनिअरही घरी असंच काहीतरी सांगत असतील.

अशा वेळी आपण भक्तमंडळी लगेच गीता काढतो. कोणतंही काम हलकं नसतं, फळाची आशा सोड! हे खरंच आहे. पण ते कोणी कोणाला सांगायचं? निष्काम कर्म ही ज्याची त्याने करायची साधना आहे. दुसऱ्याला गप्प बसवायला ती वापरली, की तिचा उपदेशच उरतो. त्या मुलाला कामाची लाज नाही. शिकलेलं कोणी विचारत नाही आणि घरी बोलता येत नाही, यानं तो आतून खचतो. पांडवांना निदान एकच वर्ष काढायचं होतं, शस्त्रं शमीवर सुरक्षित होती. याला तारीख कोण देणार?

भीमाने काय केलं? धीर धर, हे तो नंतर म्हणाला. आधी तिचे हात आपल्या चेहऱ्याला लावून रडला.

आजचा संकल्प : ओळखीच्या वॉचमनला, डिलिव्हरीवाल्याला निवांत वेळ बघून विचारा, "दादा, शिक्षण काय झालंय तुमचं?" आणि ऐका. सल्ला नको.

आणि तुम्हीच त्या जागी असाल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, मराठीतही बोलतात. नामस्मरण चालू ठेवूनही मदत मागता येते. द्रौपदीनेही मागितलीच की!

राम कृष्ण हरि 🌿