‘माझे शरीर’ आणि वरवंटा

‘शेजाऱ्याची गाय’ म्हटले की शेजारी वेगळा, गाय वेगळी. मग ‘माझे शरीर’ म्हणणारा ‘मी’ शरीराहून वेगळा ठरतो का? सांख्यसूत्रांच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न थेट घेतला आहे आणि उत्तर ‘होय’ असे आहे. लोक इथे षष्ठी विभक्ती लावून बोलतात, हाही आत्मा देहाहून निराळा असल्याचा एक पुरावा मानला आहे.

यावरचा आक्षेप स्वयंपाकघरातून येतो. ‘वरवंट्याचे अंग’ असेही म्हणता येते. चटणी वाटून झाली, वरवंटा धुऊन पाट्याशी टेकवून ठेवला. आता त्याचे अंग काढून घेतले तर मागे वरवंटा उरेल का? अंग म्हणजेच तो दगड. षष्ठी आहे, पण वस्तू दोन नाहीत. ‘राहूचे डोके’ हे शास्त्रकारांचे दुसरे आवडते उदाहरण, कारण राहू म्हणजे नुसते डोकेच. सूत्रकार आक्षेप लगेच खोडतात: वरवंट्यात भेद नाही हे डोळ्यांना दिसते, म्हणून तिथली षष्ठी बोलण्यापुरती, आत्मा मात्र ज्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या साधनाने, कळतो, तेच त्याला देहाहून वेगळा दाखवते. उत्तर तर्काला धरून आहे. पण मग सगळा भार त्या प्रमाणावर गेला. षष्ठीच्या हाती फारसे काही उरले नाही.

योगसूत्रांवरील व्यासभाष्य याहून सावध आहे. ‘चैतन्य हे पुरुषाचे स्वरूप’ असे म्हणताना चैतन्य हाच पुरुष, म्हणजे आत्मा, असतो, तरी वाक्य ‘चैत्राची (चैत्र नावाच्या माणसाची) गाय’सारखे ऐकू येते. शब्दामागे वस्तू नसताना होणाऱ्या अशा ज्ञानाला तिथे विकल्प म्हटले आहे.

पाणिनीने षष्ठीला ‘शेष’ म्हणजे इतरत्र न बसलेले संबंध दिले. मालकी हा त्यातला केवळ एक. इंग्रजीतही ‘रामाज बुक’, ‘रामाज ब्रदर’, ‘रामाज हँड’ यांना प्रत्यय एकच. मराठीत ‘माझी छत्री, माझा भाऊ, माझा हात’ असेच चालते; पण ‘आहे’ आले की फरक उघड होतो. ‘माझ्याकडे छत्री आहे’, पण ‘मला भाऊ आहे’, ‘मला दोन हात आहेत’. मराठी बोलणारा हाताला भावाच्या पंगतीला बसवतो, छत्रीच्या नव्हे. देह ही मालकीची वस्तू आहे, या कल्पनेला भाषेचा एवढाही आधार नाही.

शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच ‘हा मी’ आणि ‘हे माझे’ या दोन्ही बोलण्यांना अध्यास, म्हणजे एकावर दुसऱ्याचा आरोप, म्हणतात. सांख्यांनी जी षष्ठी पुराव्यात घेतली, तीच इथे ज्ञानाने दूर करायची चूक ठरते.